कोपर

ग्रिम्सबीत डिसेंबरची संध्याकाळ चारलाच संपते.
मी वरच्या खोलीत जातो, दिवा लावत नाही,
स्क्रीनचा उजेड पुरतो.
एकतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढले.
श्वास घ्या. धरा. सोडा.
आता श्वास सोडून गेलेल्यांचे फोटो दुरुस्त करतो,
फुकट. बायको म्हणते, निदान चहाचे तरी घे.

आधी धूळ.
मग शेजारचा धड ठिपका उचलायचा
आणि फुटक्या ठिपक्यावर ठेवायचा.
उसनवारीच सगळी.
गालावरची बुरशी कपाळाच्या कातडीने बुजते,
आभाळाचं भोक आभाळाने.
फाटलेली कड जुळवताना
माझी जीभ दातांत येते,
आईची रफू करताना यायची तशी.

मॉरीन कट्स बिस्किटांच्या डब्यातून एक घेऊन आली.
क्लीथॉर्प्सचा धक्का, भर वारा, चौघंजण,
तिसऱ्याचा चेहरा टाचणीने खरवडलेला.
कुणी, ते मी विचारलं नाही.
"आईने," ती म्हणाली. "आणि मग पुन्हा फ्रेमीत घालून
भिंतीला लावला."
बाप ट्रॉलरवर होता. एका फेरीनंतर आलाच नाही.
बुडाला नव्हता.
फ्लीटवुडला दुसरं घर होतं त्याचं.

दुसरा फोटो नाही. तीन आठवडे बसलो.
कान त्याच्या भावाचा घेतला, हनुवटी मॉरीनचीच,
डोळे जमेनात, तेव्हा टोपीची सावली खाली ओढली.
लबाडी, पण बेमालूम.
तिने चष्मा पुसला, लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.
"हा तो नव्हे," म्हणाली.
"पण राहू दे. हा परत आला असता."

त्याच सुमारास माझ्या मुंजीचा फोटो हाती लागला.
कुरुंदवाड. चकोट मी, कानात भिकबाळी, तोंड रडवेलं,
आणि उजव्या कडेला
कुणाचं तरी कोपर घुसलेलं.
दोन मिनिटांचं काम. मांडवाचं कापड ओढलं त्यावर.
मूळ फोटो चिकट झाला होता, पुठ्ठा कुजलेला,
निळ्या डब्यात टाकला. मंगळवारी गाडी येऊन घेऊन गेली.

विजूला पाठवला. तिचा लगेच फोन,
इचलकरंजीत तेव्हा रात्रीचा साडेबारा.
"झकास झालाय रे. पण वेणूआत्या कुठं गेली?"
वेणूआत्या कुठे होती त्यात?
"कोपर! फोटोवाला म्हणाला, सवाष्णी पुढं या,
तशी ती सरकली बाजूला.
परात तिच्याच हातात होती, म्हणून तेवढं राहिलं.
सगळ्या अल्बमात तेवढीच आहे ती."

मागे जायचं बटण दाबत राहिलो.
ते मी फाईल बंद केली त्या रात्रीपर्यंत जात नाही.

मग रविवारी न्हाणीघराच्या खिडकीत
शर्टाची बाही वर सारून उभा राहिलो,
हात वाकवला, जणू परात धरलीय.
बायकोने दारातून विचारलं, दुखतंय का?
म्हटलं, फोटो काढ.
सत्तरीला टेकलेलं कोपर. केस पुसले,
काळवंडलेलं होतं ते तसंच ठेवलं.
आमच्या घरात सगळ्यांचीच कोपरं टोकदार,
तेव्हा अगदीच परकं नाही.
पोलकं कुठल्या रंगाचं, विजूला आठवेना.
फोटो काळा-पांढरा, तेवढा सुटलो.

बाजारातल्या दुकानात छापायला दिला,
तर त्यांच्या मशीनने कड कापली,
कोपर अर्धं गेलं.
पोरगा म्हणाला, सॉरी, मशीन असंच घेतं.

पुन्हा छापून घेतला.
या खेपेस उजवीकडे चार बोटं जागा वाढवून.
तिथे नुसतं मांडवाचं कापड आहे, मीच विणलेलं,
आणि कुणी सरकून आत आलंच
तर उभं राहता येईल इतकी जमीन.